विश्लेषण : चेहऱ्यासाठी ‘लांबची’ लेन्स का लागते? राजा दीनदयाळ यांच्या काचांची गोष्ट

हात लांब करून घेतलेल्या सेल्फीत नाक मोठे आणि कान लहान दिसतात, हा अनुभव फोन वापरणाऱ्या प्रत्येकाला आहे. चांगल्या फोनला आता दोन पट, तीन पट किंवा पाच पट टेलिफोटो लेन्स दिलेली असते, त्यामागे हेही एक कारण आहे. चेहरा कुठून आणि कोणत्या भिंगातून टिपावा, हा प्रश्न मात्र फोनइतका नवा नाही. एकोणिसाव्या शतकात भारतातील सर्वाधिक नावाजलेले छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचे सारे आयुष्य याच प्रश्नाभोवती गेले. त्यांच्या कॅमेऱ्यासमोर व्हाइसरॉय बसले, राजपुत्र बसले आणि हैदराबादचा निजामही बसला. यवतमाळसह सारा वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री याच निजामाचा होता.

राजा दीनदयाळ कोण होते?

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधना गावचा. घराणे जैन, घरचा व्यवसाय जवाहिऱ्याचा. त्यांनी मात्र वेगळी वाट धरली. रुरकीच्या थॉमसन सिव्हिल इंजिनीअरिंग कॉलेजात त्यांनी शिक्षण घेतले आणि १८६६ मध्ये इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके तयार करण्याच्या नोकरीवर ते रुजू झाले. पगार नियमित होता, पुढे निवृत्तिवेतनही मिळणार होते. त्या काळच्या मध्यमवर्गीय घराला याहून अधिक काही नको असे.

१८७४ च्या सुमारास, वयाच्या तिशीत, त्यांनी कॅमेरा हाती घेतला. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर दुसरे आणि मध्य भारतातील ब्रिटिश एजंट सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिले. थोड्याच काळात व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक आणि १८७५-७६ च्या भारत दौऱ्यावर आलेले प्रिन्स ऑफ वेल्स यांची छायाचित्रे घेण्याची संधी त्यांना मिळाली. १८८२ मध्ये डेली यांच्या जागी आलेले सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी बुंदेलखंडाचा दौरा केला. किल्ले, मंदिरे आणि स्तूपांची ती छायाचित्रे १८८६ मध्ये ‘फेमस मॉन्युमेंट्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या ग्रंथात प्रसिद्ध झाली.

त्या काळी एक फोटो काढायला काय लागे?

दीनदयाळ यांनी सुरुवात केली तेव्हा ओल्या काचेची पद्धत रूढ होती. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि थर ओला असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा. काही मिनिटांत ती काच अंधाऱ्या खोलीत किंवा तंबूत धुतलीही पाहिजे. उशीर झाला की थर वाळे आणि काच वाया जाई. १८८० नंतर कारखान्यात तयार झालेल्या जिलेटिनच्या कोरड्या काचा सर्रास मिळू लागल्या, तेव्हा ही धावपळ संपली. कोरड्या काचा अधिक संवेदनशील असल्याने समोरच्याला बसून राहण्याचा वेळही कमी झाला.

काच मोठी असण्याचे कारण साधे होते. तेव्हा लहान निगेटिव्हवरून मोठा फोटो काढणे जिकिरीचे होते. काच थेट कागदावर ठेवून उन्हात छाप घेतला जाई. त्यामुळे काच जेवढी, तेवढाच फोटो. राजाच्या दरबारात टांगायचा किंवा अल्बममध्ये लावायचा फोटो मोठा हवा असेल तर कॅमेराच मोठा हवा. १० बाय १२ इंचाची, दोन मिलिमीटर जाडीची एक काच जवळपास ४०० ग्रॅम भरते. डझनभर काचांचे वजनच साडेचार किलोच्या पुढे जाते. त्यावर लाकडी कॅमेरा, भाता, तिवई आणि लेन्स वेगळे. आज ‘लार्ज फॉरमॅट’ म्हणतात तो हाच प्रकार.

मोठ्या काचेला लांब लेन्स का लागते?

लेन्सचे नाभीय अंतर, म्हणजे फोकल लेंग्थ, काचेच्या कर्णाइतके असेल तर दृश्य साधारण डोळ्याला दिसते तसे येते. १० बाय १२ इंचाच्या काचेचा कर्ण सुमारे ४०० मिलिमीटर भरतो. म्हणजे फोनमध्ये पाच-सात मिलिमीटरच्या लेन्सने जे काम होते, त्याला येथे ४०० मिलिमीटरची लेन्स लागते. व्यक्तिचित्रासाठी याच्या दीडपट, म्हणजे ६०० मिलिमीटरच्या आसपासची लेन्स सोयीची मानली जाते.

लेन्स लांब झाली की तीन अडचणी उभ्या राहतात. पहिली प्रकाशाची. १८४० मध्ये जोसेफ पेट्झवाल या गणितज्ञाने व्हिएन्नात खास व्यक्तिचित्रांसाठी लेन्स तयार केली. आधीच्या लेन्सच्या तुलनेत ती पंधरा ते वीस पट अधिक प्रकाश आत घेई. पण ती १५० मिलिमीटरची होती. तेवढीच तेजस्वी लेन्स ६०० मिलिमीटरची करायची तर तिचे तोंड साडेसोळा सेंटिमीटर रुंद करावे लागते. अशी काच घडवणे महाग आणि वागवणे अवघड. तोंड लहान ठेवले तर समोरच्याला अधिक वेळ स्तब्ध बसावे लागते. स्टुडिओतील खुर्चीमागे डोके टेकवायला लोखंडी आधार असे, तो यासाठीच.

दुसरी अडचण भात्याची. जवळची वस्तू स्पष्ट करण्यासाठी लेन्स काचेपासून आणखी दूर न्यावी लागते. कंबरेपर्यंतचे व्यक्तिचित्र या काचेवर साधारण एक तृतीयांश आकारात बसते. ६०० मिलिमीटरच्या साध्या लेन्सला तेव्हा ८०० मिलिमीटर भाता ताणावा लागतो.

तिसरी अडचण खोलीची. त्याच लेन्सने उभ्या माणसाचा पायापासून डोक्यापर्यंत फोटो घ्यायचा तर सुमारे साडेपाच मीटर मागे जावे लागते. माणसाच्या मागचा पडदा आणि कॅमेऱ्यामागे उभा राहणारा छायाचित्रकार धरला तर सात-आठ मीटर लांबीची खोली हवी. जुने स्टुडिओ लांबट का बांधत आणि छताला काचा का लावत, याचे उत्तर या हिशोबात आहे.

चेहरा बिघडतो तो लेन्समुळे की अंतरामुळे?

अंतरामुळे. हा मुद्दा अनेकदा उलटा सांगितला जातो. नाकाचे टोक कानांच्या सुमारे १२ सेंटिमीटर पुढे असते, असे धरू. फोन नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर कान ४२ सेंटिमीटरवर असतात. म्हणजे कानांच्या तुलनेत नाक ४० टक्के मोठे उमटते. कॅमेरा २ मीटर ४० सेंटिमीटरवर नेला की हा फरक जेमतेम ५ टक्के उरतो.

१० बाय १२ च्या काचेवर कंबरेपर्यंतचे चित्र ४०० मिलिमीटरच्या लेन्सने घ्यायला कॅमेरा १ मीटर ६० सेंटिमीटरवर लागतो आणि ६०० मिलिमीटरच्या लेन्सने २ मीटर ४० सेंटिमीटरवर. पहिल्यात नाक सुमारे साडेसात टक्के मोठे येते, दुसऱ्यात पाच टक्के. फरक आहे, पण फार मोठा नाही. पूर्ण काच भरून नुसता चेहरा घ्यायचा असेल तेव्हा मात्र कॅमेरा बराच जवळ येतो आणि लांब लेन्सचा फायदा ठळक होतो. म्हणून अनुभवी छायाचित्रकार आधी अंतर ठरवतो. त्या अंतरावरून चौकट भरेल अशी लेन्स तो नंतर निवडतो.

जन्माने कोलकात्याच्या आणि इंग्लंडमध्ये नाव कमावलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी १८६६ मध्ये हाच मार्ग धरला. १५ बाय १२ इंचाच्या काचेसाठी त्यांनी ३० इंच, म्हणजे सुमारे ७६० मिलिमीटर फोकल लेंग्थची डॅलमेयर कंपनीची लेन्स घेतली. त्यांनी काढलेले मोठे चेहरे आजही व्यक्तिचित्रांचा आदर्श मानले जातात.

टेलिफोटो लेन्स नेमकी कशाला म्हणतात?

बोलताना कोणत्याही लांब लेन्सला टेलिफोटो म्हटले जाते. तांत्रिक अर्थ वेगळा आहे. टेलिफोटो लेन्समध्ये पुढचा भिंगसमूह प्रकाश एकत्र आणतो आणि मागचा समूह तो थोडा फाकवतो. त्यामुळे लेन्स ६०० मिलिमीटरचे काम करते, पण काचेपासून ६०० मिलिमीटर दूर ठेवावी लागत नाही. भाता वाचतो. १८९१ मध्ये लंडनचे थॉमस डॅलमेयर, म्युनिकचे श्टाइनहाइल आणि बर्लिनचे अडॉल्फ मीटे या तिघांनी स्वतंत्रपणे अशा लेन्स पुढे आणल्या.

सुरुवातीच्या टेलिफोटोत किंमत मोजावी लागे ती प्रकाशाची. प्रतिमा दुप्पट केली तर फोटोला चौपट वेळ, तिप्पट केली तर नऊपट. दूरचा डोंगर टिपताना ते चालते, बसलेल्या माणसाला ते जड जाते. तरीही व्यक्तिचित्रासाठी ही रचना वापरली गेली. बर्गहाइम या चित्रकारासाठी डॅलमेयर कंपनीने १८९० च्या दशकात खास टेलिफोटो रचनेची लेन्स घडवली. तिच्यातील दोष मुद्दाम पूर्ण दुरुस्त केले नव्हते. त्यामुळे चेहरा मृदू उमटे आणि फोकल लेंग्थही कमी-जास्त करता येई.

निजामाच्या दरबारात ते कसे पोहोचले?

१८८० च्या दशकाच्या मध्यावर दीनदयाळ यांनी मोठा धोका पत्करला. खात्यातून रजा घेऊन ते पूर्ण वेळ छायाचित्रणाकडे वळले आणि पुढे निवृत्तच झाले. १८८५ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांचे छायाचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच सुमारास सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्याशी त्यांचा संबंध आला. दीनदयाळ दरबाराचे छायाचित्रकार झाले, १८८६ मध्ये सिकंदराबादला स्टुडिओ उभा राहिला. निजामाने त्यांना राजा ही पदवी आणि मुसव्विर जंग हा किताब दिला. राणी व्हिक्टोरियाकडूनही राजमान्यता मिळाली.

दरबारी व्यक्तिचित्राचे गणित वेगळे असते. राजाच्या नाकासमोर कॅमेरा नेता येत नाही. अदब पाळायची तर अंतर राखावे लागते आणि तेच अंतर चेहऱ्यालाही मानवते. दागिन्यांचे कंगोरे, पगडीची वीण आणि तलवारीची मूठ स्पष्ट यावी, यासाठी मोठी काच उपयोगी पडते. जवाहिऱ्याच्या घरात वाढलेल्या आणि नकाशे काढण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला बारकावे पारखण्याचा सराव होताच.

दीनदयाळ यांनी ओळखलेले आणखी एक अंतर पडद्याचे होते. घरंदाज स्त्रिया पुरुष छायाचित्रकारासमोर बसत नसत. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत स्वतंत्र जनाना स्टुडिओ काढला आणि तो केनी-लेव्हिक या बाईंकडे सोपवला. लेन्स कितीही चांगली असली तरी या स्त्रियांचा फोटो पुरुषाला घेता आला नसता. तिथे छायाचित्रकार बदलणे हाच उपाय होता.

वऱ्हाड आणि यवतमाळशी याचा काय संबंध?

वऱ्हाड १८५३ च्या तहाने ब्रिटिशांच्या ताब्यात गेला होता, पण सार्वभौमत्व नावापुरते निजामाकडे राहिले. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. या भागातला कापूस आणि जमीन महसूल मोलाचा होता. निजामाला प्रांत परत हवा होता, तर ब्रिटिशांना तो कायम ठेवायचा होता.

१९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन हैदराबादला आले. याच दौऱ्यात वऱ्हाडाबाबत निजामाशी बोलणी झाली. याच दौऱ्यात शिकारही झाली. मारलेल्या वाघासह उभ्या असलेल्या कर्झन दाम्पत्याचे दीनदयाळ यांच्या स्टुडिओचे छायाचित्र आजही जगभरच्या पुस्तकांत छापले जाते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये करार झाला. वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने ब्रिटिशांकडे गेला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला आणि १९०५ मध्ये वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले.

त्या दौऱ्याची छायाचित्रे पाहताना वाघ दिसतो, बंदुका दिसतात, पाहुणे आणि यजमान दिसतात. यवतमाळचा शेतकरी कुठेच दिसत नाही, त्याचा जिल्हा मात्र त्याच दिवसांत बोलण्यांच्या टेबलावर होता. कॅमेरा कोणापासून किती दूर आहे, हे चेहऱ्याच्या प्रमाणाइतकेच इतिहास वाचतानाही पाहावे लागते. दरबारी छायाचित्रकाराची ती मर्यादा होती. तरीही दुष्काळात सुरू झालेल्या मदतकामांची छायाचित्रेही दीनदयाळ यांच्या स्टुडिओने निजामाच्या राज्यात घेतली, हे नोंदवायला हवे.

मुंबईत काय घडले आणि अखेर कशी झाली?

१८९६ मध्ये दीनदयाळ यांनी मुंबईत स्टुडिओ थाटला. मुंबईला छायाचित्रण नवे नव्हते. १८५४ मध्येच येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सदस्यांपैकी होते. पण मोठ्या शहरात राजेरजवाड्यांबरोबर व्यापारी, वकील आणि पारशी कुटुंबे असा नवा ग्राहक मिळत होता. आयुष्यात एकदाच फोटो काढणाऱ्या त्या माणसाला आपला चेहरा नीट यावा असे वाटे. दरबारी अंतर आणि स्टुडिओचा प्रकाश आता त्याच्याही वाट्याला आला.

शेवटची वर्षे मात्र सोपी गेली नाहीत. मुलगे ग्यानचंद आणि धरमचंद व्यवसायात होते. त्यांपैकी धरमचंद १९०४ मध्ये गेले. ५ जुलै १९०५ रोजी दीनदयाळ यांचेही निधन झाले. १९११ मध्ये निजाम महबूब अली खान गेले आणि दरबाराचा मोठा आधार सुटला. हलके कॅमेरे आणि गुंडाळीची फिल्म आल्याने मोठ्या काचांचा जमाना तसाही मागे पडत होता.

आज मोठ्या कॅमेऱ्यासाठी लेन्स निवडायची तर काय पाहावे?

हौसेने लार्ज फॉरमॅटकडे वळणारे तरुण आजही आहेत. सहसा ते ४ बाय ५ इंचाच्या फिल्मपासून सुरुवात करतात. या आकाराला १५० मिलिमीटरची लेन्स साधारण दृश्य देते, तर व्यक्तिचित्राला २१० ते ३०० मिलिमीटर पुरते. डोके आणि खांदे एक चतुर्थांश आकारात घ्यायचे तर २१० मिलिमीटरला सुमारे १ मीटर, ३०० ला दीड मीटर आणि ३६० ला १ मीटर ८० सेंटिमीटर अंतर येते.

पहिली मोजणी भात्याची करावी. वरच्या चित्रासाठी ३६० मिलिमीटरच्या साध्या लेन्सला ४५० मिलिमीटर भाता लागतो. निकॉनच्या ३६० मिलिमीटर टेलिफोटोला तेच काम सुमारे ३५० मिलिमीटरमध्ये जमते. भाता पुरेसा असेल तर टेलिफोटोची गरज नाही, साधी लेन्स बहुधा हलकी आणि स्वस्त पडते. दुसरी गोष्ट, टेलिफोटोचा प्रतिमेचा घेर अनेकदा लहान असतो आणि लेन्स तिरकी केली की चित्र चौकटीतून सरकते. त्यामुळे कॅमेऱ्याच्या हालचाली वापरणाऱ्यांना ती त्रासदायक ठरते. तिसरी गोष्ट, टेलिफोटोने पार्श्वभूमी अधिक धूसर होते म्हणून चेहऱ्याची स्पष्टताही कमी होते, असे नाही. चेहरा फिल्मवर किती मोठा येतो आणि लेन्सचे तोंड किती उघडे आहे, यावर ते ठरते. १० बाय १२ च्या काचेवर एक तृतीयांश आकारात, एफ ८ ला जेमतेम ६ सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. डोळे स्पष्ट ठेवले तर कान धूसर जातात.

फोनवाल्यांसाठी सूत्र आणखी सोपे आहे. दीड-दोन मीटर मागे सरकावे आणि मग दोन किंवा तीन पट लेन्स निवडावी. जवळ जाऊन एक पटवर काढलेला फोटो नंतर कापून नाक लहान होत नाही.

मागे काय उरले?

दीनदयाळ यांच्या २,८५७ काचा १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. २००६ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. फोन बदलला की हजारो फोटो हरवतात, अशा काळात सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या काचांवरून आजही छाप घेता येतो. जुन्या स्टुडिओच्या माळ्यावर किंवा घरातल्या ट्रंकेत अशा काचा सापडल्या तर त्या पुसू नयेत, पाण्याने धुऊ नयेत आणि एकावर एक रचू नयेत. कागदाच्या कोरड्या पाकिटात एकेक उभी ठेवून जाणकाराला दाखवाव्यात. कडेला धरून काच उजेडासमोर नेली की उलट्या छटांतला एखादा चेहरा दिसतो. कोणीतरी योग्य अंतर मोजून तो टिपलेला असतो.